विजेतलं आपल्याला काय कळतं?

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं हे भाषण, बोललं तसंच छापलं आहे.)

कामं आवरून निवांत बसला असाल, नाहीतर भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे. राजेरजवाड्यांचा नाही, आपल्या घरातल्या लाईटचा. पण सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करते.

मी आमच्या बचत गटाची सचिव. नऊ वर्षं झाली, हिशेब मीच लिहिते. दहा रुपयांची पावती नसली तरी बाईला परत पाठवते, असं माझं नाव आहे. दोन वर्षांपूर्वी आषाढात आमच्या फ्रीजला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. गावातला नेहमीचा माणूस पोराकडं मुंबईला गेला होता. बाजारात ओळखीच्या एकानं एक वायरमन पाठवून दिला. मोटारसायकलवरून आला. कमरेला पक्कड, खिशाला टेस्टर. भिंतीला टेस्टर लावला तर तो मिणमिणला. म्हणाला, "बघा मावशी, भिंतीत करंट उतरलाय. सगळी वायरिंग गेली. आज नाही बदलली तर घर पेटेल."

माझ्या पोटात गोळाच आला. ११ हजार सांगितले. सामानासाठी सहा हजार उचल मागितली. ती मी गटातून कर्ज काढून दिली, बाकीचे ज्वारी विकून. दोन दिवसांत काम उरकलं. जुनी वायर गोळा करून म्हणाला, "हा कचरा मी टाकून देतो." मी वर त्याला चहा पाजला. जाताना त्यानं फ्रीजपुढं रबराची चटई अंथरली आणि म्हणाला, "आता लावा हात." लावला. काही नाही. मी खूश.

तीन आठवड्यांनी धाकट्या सुनेनं फरशी पुसायला ती चटई उचलली आणि ओल्या पायानं फ्रीज उघडला. झटक्यानं ती मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. हात सुटला म्हणून वाचली. नसता सुटला तर आज मी इथं बोलायला बसले नसते.

मग तालुक्याहून परवान्याचा वायरमन आणला. त्यानं तासाभरात सगळं उलगडून दाखवलं. अर्थिंगची तार बाहेर खड्ड्यापाशी गंजून तुटली होती आणि फ्रीजच्या आत एक वायर घासून पत्र्याला टेकत होती. दुखणं एवढंच. त्याचे १,३०० रुपये झाले. टेस्टरचं म्हणाल तर पावसाळ्यात ओल्या भिंतीला, जवळून वायर गेली असली तरी, तो मिणमिणतो. त्यावरून वायरिंग जळाली असं ठरत नाही. आमची जुनी वायर तांब्याची होती, चांगली होती. ती भंगारात गेली, तिचे पैसेही त्याच्या खिशात गेले. तिच्या जागी आली बारीक, छाप नसलेली वायर. नव्या बोर्डात हिरवी वायर दिसत होती, पण तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. आणि ती चटई? रबरावर उभं राहिलं की विजेला आपल्या अंगातून जमिनीत जायची वाट मिळत नाही, म्हणून मला काही जाणवलं नाही. वीज पत्र्यावर होती तशीच होती.

माझं मलाच नवल वाटलं. दहा रुपयांची पावती मागणारी मी, ११ हजारांची का मागितली नाही? जुनी वायर परत का घेतली नाही? उत्तर एकच सापडलं. त्या दोन दिवसांत मी दहा वेळा म्हटलं होतं, "विजेतलं आपल्याला काय कळतं?" हे वाक्य माझ्या सासूबाईंचं, त्यांच्याही सासूचं. ते आलं कुठून, हे बघायला मी मागं मागं जात राहिले.

मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तो असा. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, विजेचे दिवे आले. गंमत अशी की ज्या कंपनीला नगरपालिकेनं दिव्यांचं काम दिलं, ती थोड्याच काळात बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे लागले. म्हणजे विजेचं काम कुणाला द्यायचं हा प्रश्न आपल्या फ्रीजइतकाच मंडईलाही पडला होता.

पुढं १९१५ साली खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या डोंगरावर पाणी अडवायचं, खाली खोपोलीला सोडायचं आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. हे १९१५ साल लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे. नंतर मुळशीत धरण आलं. जमिनी जाणार म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट पुढं होते, बायाही उतरल्या होत्या. धरण झालंच. पाणी आपल्या खोऱ्यातलं, जमीन आपली आणि वीज गेली मुंबईला. खेड्यातल्या बाईच्या घरात चिमणी होती, ती तशीच राहिली.

आता कायद्याकडं येऊ. १९१० साली भारतीय विद्युत कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली त्याचे नवे नियम आले. त्यात घरच्या वायरिंगबद्दल एक नियम आहे. तो मी वाचला तेव्हा मला रागच आला, कारण तो माझ्या जन्माच्या आधीपासून तिथं होता आणि मला कुणी सांगितला नव्हता. नियम सांगतो की ग्राहकाच्या घरात नवी वायरिंग करायची, वाढवायची, बदलायची किंवा दुरुस्त करायची तर ते काम सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानंच करायचं. देखरेख करणाऱ्याकडं सरकारी प्रमाणपत्र हवं आणि हातानं काम करणाऱ्याकडंही परवाना हवा. सूट कशाला? बल्ब, पंखा, फ्यूज, बटण अशी जुनी वस्तू काढून तशीच नवी बसवायला. २०१० साली आणि परत २०२३ साली नियम नव्यानं लिहिले गेले, तरी ही अट राहिलीच. आपल्या राज्यात हे परवाने सरकारच्या ऊर्जा खात्याकडून मिळतात. त्यावर फोटो असतो, नंबर असतो आणि मुदत असते.

काम शिकायची सोयही तेव्हाचीच. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तिच्यातून आयटीआय वाढले. तिथं इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा असतो. म्हणजे हे काम दोन वर्षं शिकावं लागतं, हे सरकारला तेव्हाच ठाऊक होतं. कमरेला पक्कड लावली म्हणजे वायरमन झाला असं नाही.

मग हे नियम आपल्या उंबऱ्याच्या आत का आले नाहीत? ते गावात लाईट कशी आली त्यावरून कळतं.

२० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. दोन वर्षांत कोयनेची वीज सुरू झाली. पुढं देशात दुष्काळ पडला, धान्य कमी पडलं. सरकारनं ठरवलं, आधी विहिरीवर वीज न्यायची, पंप चालवायचे. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं, त्याचा मोठा भर पंपांवर होता. ते चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या पाण्यावरच आपण जगलो. पण बघा, तार आधी मळ्यात गेली. फॉर्म भरला पुरुषानं, वायरमनशी बोलला पुरुष, डीपी जळाली की वर्गणी काढली पुरुषांनी. चुलीपाशी लाईट आली ती शेवटी.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. १९९७ पर्यंत सरकारी हिशेबात गावाच्या शिवारात कशासाठीही वीज वापरली की अख्खं गाव 'विद्युतीकरण झालेलं' धरायचे. एका विहिरीवर पंप चालला तरी गाव उजळलं! २००४ साली व्याख्या बदलली. शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज हवी आणि निदान शंभरातल्या दहा घरांत हवी, तेव्हाच ते गाव मोजायचं ठरलं. म्हणजे शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी चालत होतं. कागदावर सगळं उजळलेलं, मग घरात कोण शिकवायला येणार?

घरात लाईट आली तेव्हा काय होतं, आठवतं का? लाकडी पट्टीवर वायर खिळ्यांनी ठोकलेली. काळी गोल बटणं. दारामागं चिनी मातीचं कटआऊट. लाईट गेली की कुणीतरी स्टुलावर चढायचं आणि कटआऊटला तार बांधायचं. बारीक तार सारखी जळते म्हणून जाड तार बांधायची, हा सगळीकडचा उद्योग. ती तार जळायलाच असते, हे कुणी सांगितलं नाही. घराची वायर तापण्याआधी तिनं जळायचं, हेच तिचं काम.

आणि गावात एक नवा माणूस तयार झाला. वायरमनच्या हाताखाली फिरून फिरून शिकलेला. कागद नाही, परवाना नाही, पण खांबावरही चढतो आणि घरातही येतो. आपण त्याला 'झिरो वायरमन' म्हणतो. त्यातले पुष्कळ जण प्रामाणिक असतात. रात्री-अपरात्री आपल्या हाकेला तेच धावून येतात आणि काही जण खांबावर जिवानिशीही गेले. त्यांना मी चोर म्हणणार नाही. पण परवाना मागायची सवय आपल्याला लागली नाही, ती इथं. त्या सवयीच्या आडोशानं माझ्याकडं आला तसा माणूस आत शिरतो.

मालाचंही तसंच. १९४७ साली भारतीय मानक संस्था निघाली आणि १९५५ पासून मालावर आयएसआयचा छाप मिळू लागला. २००३ च्या आदेशानं घरगुती वायर, बटणं अशा विजेच्या वस्तूंना तो छाप सक्तीचा झाला. वायरीच्या अंगावरच तो छापलेला असतो. कंपनीचं नाव, वायरीचा आकार, आयएस ६९४ हा आकडा आणि सीएम/एल पुढं एक नंबर. 'बीआयएस केअर' नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला की तो कुठल्या कंपनीचा ते दिसतं. माझ्या सुनेनं भिंतीतल्या त्या बारीक वायरीवर मोबाईलची बॅटरी धरून शोधलं. काहीच छापलेलं नव्हतं.

आता फसवल्यावर दाद कुठं मागायची? तीही वाट आपल्याच राज्यातल्या माणसांनी मोठी केली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिथल्या बायकांनी एकत्र येऊन महिन्याचं वाणसामान घ्यायला सुरुवात केली. बचत गटाचीच बहीण म्हणा ना! १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा आला, मग २०१९ चा नवा. पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही 'सेवा' आहे, म्हणून वायरमनविरुद्धही जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीची फी नाही. पण तिथं पहिला प्रश्न येतो, "पावती आहे का?" माझ्याकडं नव्हती. म्हणून माझे ११ हजार तिथंच संपले.

अलीकडं फसवायच्या तऱ्हा बदलल्या. २००३ साली नवा वीज कायदा आला, २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि आपलं बिल महावितरणकडून यायला लागलं. २०१७ साली सौभाग्य योजना आली. तिच्यात गरीब घरांना जोडणी फुकट होती, बाकीच्यांना ५०० रुपये होते, तेही दहा हप्त्यांत बिलातून. तरी आमच्या वस्तीवर एक जण 'फॉर्मचे आणि साहेबांचे' म्हणून घरटी पैसे गोळा करून गेला. कुणी विचारलं नाही. विचारणार कोण, विजेतलं कळतंय कुणाला?

मग आली ती 'बिल निम्मं करणारी' डबी. प्लगमध्ये खोचायची, हिरवा दिवा लागतो. आत असतो कपॅसिटर. आपल्या घरचं मीटर युनिट मोजतं आणि त्या डबीनं युनिट कमी होत नाहीत. कुणी म्हणेल, "मीटर हळू करून देतो." ती वीजचोरी आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मीटर ज्याच्या नावावर आहे त्याला आधी धरतात. हळू करून देणारा तोवर दुसऱ्या गावाला गेलेला असतो. आणि मोबाईलवर मेसेज येतो, "आज रात्री तुमची लाईट तोडणार, या नंबरवर फोन करा." फोन केला की ॲप घ्यायला लावतात आणि खातं रिकामं करतात. असं झालं तर लगेच १९३० ला फोन लावायचा.

या सगळ्यात घाई आणि भीती या दोन गोष्टी सारख्याच दिसतात. "आज नाही केलं तर घर पेटेल." खरंच धोका असेल तर मेन स्विच बंद करा. घर पेटायचं थांबतं आणि आपल्याला एक दिवस मिळतो. कंदिलात एक रात्र काढायला आपल्या सासवांनी आपल्याला शिकवलंच आहे.

आमच्या गटानं पुढच्या मासिक बैठकीत यावर बोलणं केलं. मला लाज वाटत होती, पण मी सगळं सांगितलं. सांगून झालं तर आणखी चार जणी म्हणाल्या, "आमचंही असंच झालं." कुणाची पाण्याची मोटार भरायला म्हणून नेली ती तांबं काढून परत आणली. कुणाकडून अख्ख्या बंडलाचे पैसे घेतले आणि निम्मं बंडल पिशवीतून घेऊन गेला. इतकी वर्षं प्रत्येकीनं आपापल्या घरात गिळून टाकलं होतं. त्या दिवशी आम्ही जे ठरवलं ते आता गटाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय. तेच सांगते.

पहिलं, हद्द ओळखायची. खांबापासून मीटरपर्यंत काम महावितरणचं. तिथं बिघाड असेल तर १९१२ ला फोन करायचा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा. मीटरचं सील कुणालाही तोडू द्यायचं नाही. मीटरच्या पुढचं काम आपलं.

दुसरं, बल्ब किंवा बटण बदलण्यापुरतं काम असेल तर ठीक. वायर ओढायची असेल, बोर्ड वाढवायचा असेल, अर्थिंग करायचं असेल तर परवाना बघायचा, नंबर वहीत लिहायचा. प्रामाणिक माणूस रागावत नाही. आमच्या तालुक्याच्या वायरमननं तर स्वतःहून पाकिटातून काढून दिला.

तिसरं, अंदाज कागदावर घ्यायचा. सामान वेगळं, मजुरी वेगळी. सामान शक्यतो आपण जाऊन आणायचं, दुकानाची पक्की पावती घ्यायची. लाईट-पंख्याला दीडची वायर, फ्रीज-मिक्सरच्या प्लगला अडीचची, गिझरला चारची, एवढं पाठ करा. बंडल ९० मीटरचं असतं. किती लागलं ते मोजायचं आणि उरलेलं आपल्या घरात ठेवायचं.

चौथं, जुनं काढलेलं सगळं आपल्याला परत. वायर, मोटारीचं तांबं, जळकं बटणसुद्धा. भंगारवाल्याला आपण देऊ.

पाचवं, पैसे काम बघून. आणि बघायचं म्हणजे अर्थिंग. टेस्ट लॅम्पचा बल्ब फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये लावून दाखव, असं वायरमनला सांगायचं. बल्ब लख्ख पेटला किंवा घरातली आरसीसीबी पडली, तर अर्थिंग आहे. हे त्याच्याकडूनच करून घ्यायचं, आपण हात घालायचा नाही. आणि आरसीसीबी घरात हवीच, ३० मिलिअँपिअरची. एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला वाचवायला ही लागते. तिच्यावर एक बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला म्हणजे ती जिवंत आहे. आमच्याकडं गटाच्या बैठकीच्या दिवशी सगळ्या जणी दाबतात.

आणि सहावं, फसलोच तर गप्प बसायचं नाही. ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. खोपोलीला वीजघर सुरू झालं ते साल! म्हणून मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं.

माझं सहा हजारांचं कर्ज फिटायला दहा महिने लागले. दर महिन्याला हप्ता लिहिताना तो चहाचा कप आठवायचा. सून बरी आहे. तिनंच परवा शेजारच्या काकूंकडं आलेल्या माणसाला विचारलं, "दादा, परवाना आहे का? आणि ती जुनी वायर इथंच ठेवा." काकू तिला हळूच म्हणाल्या, "अगं, विजेतलं आपल्याला काय कळतं?" ती म्हणाली, "मला शॉक बसलाय काकू. तेवढं कळतं."

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत पाच मिनिटं काढा आणि कोण कुठं फसलं ते एकमेकींना सांगा. लाजू नका. येते मी. नमस्कार.